यीस्ट निवडताना आधी कॅलेंडर बघा, मग स्टाईल

घरी बीअर करणारे माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) निवडून आणतात, हॉप्सवर (बीअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) तासभर चर्चा करतात आणि यीस्ट मात्र मिळेल ते टाकतात, हे बघितलं की मला राहवत नाही भो. एकाच वर्टचे (माल्टचं उकळलेलं गोड पाणी) दोन भाग करा, एकात यूएस-०५ हे अमेरिकन एलचं यीस्ट टाका, दुसऱ्यात गव्हाच्या बीअरचं यीस्ट, दोन वेगळ्याच बीअर हातात येतील. (परवान्याचं तेवढं ज्याने त्याने आधी बघून घ्या, आपल्या राज्यात त्याशिवाय चालत नाही.)

पण आपल्या जळगाव-भुसावळकडे स्टाईलच्याही आधी हवा बघावी लागते. डिसेंबर-जानेवारीत घरातल्या थंड खोलीत १८-२० डिग्री सहज मिळतात, तेव्हा पेल एल आणि आयपीए या हॉप्सवाल्या बीअर करून घ्यायच्या. यूएस-०५ एकदम स्वच्छ चालतं, स्वतःची चव फार सोडत नाही, हॉप्स पुढे येतात. इंग्लिश बिटर किंवा काळसर पोर्टर करायचं तर एस-०४ हे इंग्लिश यीस्ट, थोडा फळांचा वास देतं आणि काम झालं की तळाशी घट्ट बसतं, वरची बीअर आपोआप नितळ होते.

हेफेवायझन, म्हणजे जर्मन गव्हाची बीअर, मात्र आपल्या लोकांनी करावंच. त्याच्या यीस्टमधून आयसोअमाईल ॲसिटेट नावाचं वासाचं रसायन तयार होतं आणि पिकलेल्या केळ्याचा मुख्य वास तोच! रावेर-यावलकडच्या माणसाला तिसऱ्या दिवशी झाकणाशी नाक नेलं की केळीच्या वखारीत उभं असल्यासारखं वाटतं. थोडं गार ठेवलं तर लवंग पुढे येते, उबेला ठेवलं तर केळं.

आता मे महिना. बाहेर ४४-४५, आणि फर्मेंटेशनची (आंबण्याची) स्वतःची उष्णता वेगळी, म्हणजे खोलीत ३० असेल तर भांड्यात दोन-चार डिग्री जास्तच धरा. एवढ्यात यूएस-०५ टाकलं तर फ्युसेल अल्कोहोल (उग्र चवीचे जड अल्कोहोल) वाढतं, घशाला जळजळ आणि वर थिनरसारखा वास. तेव्हा व्हॉस क्वाइक हे यीस्ट वापरा. नॉर्वेच्या व्हॉस भागातल्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या सांभाळलेलं यीस्ट आहे, ३५ ते ४० डिग्रीला खुशाल चालतं आणि संत्र्याचा छान वास देतं. मला विचाराल तर खान्देशासाठी याच्याइतकं सोयीचं दुसरं नाही. सेझाँ या बेल्जियन बीअरचं बेल सेझाँ यीस्टसुद्धा ३५ पर्यंत टिकतं, पण ते डायस्टॅटिकस जातीचं आहे, इतर यीस्ट सोडतात ती साखरही हळूहळू खात बसतं, म्हणून ग्रॅव्हिटी (उरलेल्या साखरेचं माप) उतरायची पूर्ण थांबल्याशिवाय बाटलीत भरू नका, गॅसने बाटल्या फुटतात, आणि नळ्या-भांडी उकळत्या पाण्याने नीट धुवा नाहीतर पुढच्या बॅचमध्ये शिरतं.

टपात पाणी, भांड्याला ओलं गोणपाट आणि समोर पंखा, याने आपल्या कोरड्या उन्हाळ्यात भांडं चांगलं गार होतं, पावसाळ्यात दमटपणामुळे काही उपयोग नाही. पहिले तीन दिवस सांभाळले की बरंचसं जमतं, चव तेव्हाच ठरते.

आणि यीस्टची पाकिटं थंडीतच मागवून फ्रीजमध्ये ठेवा, मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत ती किती तापून आली हे पाकिटावर दिसत नाही.