पाय धुऊन घेताना

गेल्या वर्षी इथं गोव्यात आमच्या शेजारच्या अंकलची बारा जणांत निवड झाली. उत्तम शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, पाद्री ज्या बारा जणांचे पाय धुतात, त्यांतले एक. पूर्वी या बारांत फक्त पुरुष असायचे, २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला आणि बायकाही बसू लागल्या. पण आंटीचं म्हणणं, आपल्याला कुणी विचारलं नाही तेच बरं, इतक्या लोकांसमोर चप्पल काढायची म्हणजे काय!

त्या दुपारी मी नारळ मागायला त्यांच्याकडे गेले तर अंकल मागच्या दारी दगडावर बसून वजरीनं टाचा घासत होते. नखं कापून झालेली, शेजारी नवे मोजे. मला हसताना बघून म्हणाले, "पाद्री धुतलो, म्हणून हांवें पयलींच धुले." पाद्री धुणार, म्हणून यांनी आधीच धुतलेले! आतून आंटीचा आवाज आला, "तीस वर्सां सांगतां हांव, आयज घासले!"

संध्याकाळी मीही गेले होते. आमची उपासना मराठीत, आमचं चर्च वेगळं, पण वाड्यावर अशा वेळी कोण कुठल्या चर्चचा हे कुणी विचारत नाही. अंकलनी उजवा मोजा काढला, पाद्रींनी तांब्यानं पाणी ओतलं, टॉवेलनं टिपलं. मळ काढायला तिथं काही शिल्लकच नव्हतं. अंकल मात्र अवघडून कुठंतरी छताकडे बघत बसलेले.

हे सगळं आठवायचं कारण माझं प्रमोशन. बावन्नाव्या वर्षी, तिसऱ्या खेपेला खात्याची परीक्षा पास झाले आणि एकदाची अधिकारी झाले. पेढे वाटले. लोक भेटायला आले, फोन आले. आणि मला कळलं की अभिनंदन घ्यायचं कसं हे मला कुणी शिकवलंच नाही.

शिकवलं नाही असं तरी कसं म्हणू? वडील नगरकडच्या शाळेत मास्तर. सातवीत मी वर्गात पहिली आले, धावत घरी गेले, तर त्यांनी गुणपत्रिका शांतपणे वाचली आणि बायबलमधल्या लूकच्या सतराव्या अध्यायातली ओळ ऐकवली. सांगितलेलं सगळं काम करून झालं की म्हणा, आम्ही निरुपयोगी दास आहोत, आम्ही आमचं कर्तव्य तेवढं केलं. मी बारा वर्षांची. शंभरात ब्याण्णव मार्क मिळवलेला दास निरुपयोगी कसा, हे गणित मला काही सुटेना. रात्री पाणी प्यायला उठले तर वडील ओट्यावर शेजारच्या काकांना कंदिलाच्या उजेडात तीच गुणपत्रिका दाखवत होते. गणिताच्या मार्कांवर बोट होतं.

तेव्हापासून मी वचन पाठ केलं आणि वागणं ओट्यावरचं उचललं. कुणी शाबासकी दिली की आधी "छे छे, कसलं काय!" समोरचा म्हणणार, "असं कसं, किती कष्ट घेतलेत!" मग मी, "नशीब हो." मग तो आणखी दोन वाक्यं. हा खेळ आपल्या घराघरांत चालतो. पहिल्या "छे" नंतर समोरचा खरंच गप्प बसला तर काय वाटतं, ते एकदा अनुभवून बघा.

आम्हा ख्रिस्ती मंडळींचा एक जास्तीचा डाव असतो, "सगळी प्रभूची कृपा." म्हणताना मान झुकलेली आणि चेहरा लामणदिव्यासारखा. म्हणणं खोटं नाही. फक्त आधी दोनदा नापास झाले तेव्हा मी प्रभूचं नाव घेतलं नव्हतं, पेपर काढणाऱ्याचं घेतलं होतं.

आणि मिरवायची हौस म्हणाल तर मी परक्याच्या कर्तृत्वावरही मिरवते. नगरहून पाहुणे आले की त्यांना सांगते, फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, इंग्लंडचा माणूस, आणि त्यांचं ख्रिस्तपुराण हे मराठी काव्य १६१६ मध्ये इथल्या रायतूरला छापलं गेलं, सुमारे ११ हजार ओव्या! अशा थाटात, जणू मुद्रितं मीच तपासली होती. स्टीफन्सनी तरी त्यात मोगऱ्याची उपमा दिली ती मराठी भाषेला, स्वतःला नव्हे.

तर प्रमोशननंतरच्या रविवारी योहानाचा तेरावा अध्याय उघडला. येशूनं शिष्यांचे पाय धुतल्याची गोष्ट लहानपणापासून ऐकलेली, पण माझं लक्ष कायम गुडघे टेकणाऱ्या येशूकडे. या वेळी त्याच्या शिष्याकडे, पेत्राकडे गेलं. तो म्हणतो, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. वाचायला किती नम्र! येशू म्हणतो, मी धुतले नाहीत तर तुझा माझ्याबरोबर वाटा नाही. लगेच पेत्र, मग नुसते पाय कशाला, हात आणि डोकंही धुवा! आधी अजिबात नको, मग अंगभर हवं. मला एकदम माझं "छे छे" ऐकू आलं. कुणी आपल्यासाठी वाकतंय आणि आपण तिथंही स्वतःचाच कार्यक्रम लावलाय. अंकल छताकडे बघत का होईना, पाय पुढं करून बसले तरी होते.

इथं गोव्यात आभार मानायला "देव बरें करूं" म्हणतात, हिंदूही आणि ख्रिस्तीही. देव बरं करो. पहाटे पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत येतो. परवा त्याला म्हटलं, आज पाव फार छान भाजलेत हो. "देव बरें करूं, बाय," म्हणाला, सुटे पैसे दिले आणि पुढच्या दाराशी भोंगा वाजवला. पावांचं श्रेय त्यानं नाकारलंही नाही, घेऊन बसलाही नाही. पुढच्या घरी पाव पोचवायचे होते ना!

मग मीही ठरवलं. एवढंच म्हणायचं आणि तोंड मिटायचं. म्हणणं सोपं आहे हो, मिटणं अवघड. घरात तर आणखीच पंचाईत, कारण परीक्षेच्या तीन महिन्यांत रात्रीचा चहा नवऱ्यानं केला आणि जुने प्रश्न लेकीनं विचारले. त्या दोघांची नावं न घेता गप्प बसले तर ती नम्रता कसली? म्हणून तेवढी दोन नावं सांगायची सूट मी स्वतःला दिली आहे.

काल ऑफिसच्या फाटकावर वॉचमन उभा राहिला. "मॅडम, तुमचं ऐकलं. लय बरं वाटलं."

"देव बरें करूं," मी म्हटलं आणि ओठ मिटले. एक, दोन, तीन. जिन्यापर्यंत पोचलेसुद्धा. मग मागं वळले.

"बावन्नाव्या वर्षी, हं!"