तिसऱ्या कपाटाची किल्ली

आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात मागच्या भिंतीला लागून तीन लोखंडी कपाटे आहेत. पहिल्या दोन कपाटांतली पुस्तके देवघेवीची आहेत. तिसऱ्याला कायम कुलूप असते आणि त्याची किल्ली ग्रंथपालांच्या टेबलाच्या खणात, शिक्क्याच्या डबीशेजारी असते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने निघालेल्या स्मरणिका, सत्कार समित्यांनी काढलेले गौरवग्रंथ, जिल्हा गॅझेटियरची पाठ निखळलेली प्रत आणि सत्याग्रहींनी पदरमोड करून छापलेल्या आठवणींची पातळ पुस्तके असा ऐवज त्या कपाटात आहे. मराठी विकिपीडियावर मी गेली नऊ वर्षे लिहीत आहे. मला लागणारे बरेचसे संदर्भ याच कपाटात आहेत हे कळायला चार वर्षे लागली आणि ते कपाट माझ्यासाठी उघडले जायला आणखी एक वर्ष गेले.

विकिपीडियावर स्वतःला ठाऊक असलेली गोष्ट लिहून चालत नाही, ती आधी कुठेतरी विश्वासार्ह रीतीने छापलेली असावी लागते. आमच्या भागातल्या एखाद्या गावात रझाकारांविरुद्ध काय घडले, हे त्या गावच्या पारावर बसलेला कोणीही म्हातारा माणूस सांगू शकतो; पण ‘आजोबा सांगत असत’ हा संदर्भ ठरत नाही, आणि तो ठरू नये हेच योग्य आहे. नियम योग्य असला तरी त्याचा भार सगळ्या प्रदेशांवर सारखा पडत नाही. पुण्या-मुंबईच्या एखाद्या वाड्याविषयी लिहायला बसले तर शंभर-सव्वाशे वर्षांची मराठी वर्तमानपत्रे आणि मासिके हाताशी असतात. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, राज्यकारभार आधी फारसीत आणि पुढे उर्दूत चालत होता, मराठी छपाईवर आणि सभा-संस्थांवर सक्त नजर होती. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली ‘मराठवाडा’ साप्ताहिक सुरू केले तेसुद्धा पुण्यातून. त्यामुळे या भागाविषयीचे मराठी छापील साहित्य मुळात कमी आहे, आणि जे आहे ते मोठ्या ग्रंथसंग्रहांत न जाता अशा कुलूपबंद कपाटांत विखुरलेले आहे. ज्ञानकोशाच्या स्वयंसेवकांनी आणि ज्ञानसंस्थांनी एकत्र यावे असे सगळीकडेच म्हटले जाते. आमच्याकडे मात्र ते एकत्र आले नाहीत तर लेखच उभा राहत नाही.

एकत्र येणे म्हणजे कार्यशाळा घेणे, ही समजूत मात्र सोडायला हवी. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात मला मार्गदर्शक म्हणून बोलावले होते. दीपप्रज्वलन झाले, शाल-श्रीफळ झाले, आणि संगणक कक्षात बसलेल्या साठेक विद्यार्थ्यांना मी एकाच वेळी सदस्य खाते उघडायला सांगितले. एका इंटरनेट जोडणीवरून दिवसाला सहापेक्षा जास्त नवी खाती उघडता येत नाहीत. खोडसाळपणाला आळा बसावा म्हणून विकिपीडियाने ही मर्यादा घातलेली आहे. आधी कळवून ती त्या दिवसापुरती सैल करून घेता येते. ते मी आयोजकांना पत्राने कळवले होते, पण महाविद्यालयाच्या जोडणीची माहिती शेवटपर्यंत माझ्याकडे आली नाही. सातव्या विद्यार्थ्यापासून पडद्यावर नकाराची सूचना येऊ लागली. ज्यांची खाती उघडली त्यांनी कुठल्याशा संकेतस्थळावरचा मजकूर जसाच्या तसा उचलून आपापल्या गावाच्या पानावर डकवला. प्रताधिकाराचा भंग असल्यामुळे प्रचालकांनी, म्हणजे मजकूर वगळण्याचे अधिकार असलेल्या स्वयंसेवकांनी, रात्रीतून तो काढून टाकला, आणि त्यांनी केले ते बरोबरच होते. पण पहिल्याच दिवशी लिहिलेले सगळे पुसले गेलेली ती मुले पुन्हा विकिपीडियाकडे वळली नाहीत. महाविद्यालयाच्या अहवालात मात्र उपक्रम यशस्वी झाल्याची नोंद छायाचित्रासह आहे. त्या मुलांना आम्ही परत बोलावले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

जगात हे काम ज्यांनी नीट केले त्यांची उदाहरणे पाहिली की फरक कळतो. २०१० साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने लियाम वायट या विकिपीडिया स्वयंसेवकाला पाच आठवडे संग्रहालयात बसू दिले. ‘निवासी विकिपीडियन’ ही कल्पना तिथून रूढ झाली. संग्रहालयाविषयी गौरवपर मजकूर लिहिणे हे त्याचे काम नव्हते. वस्तूंचे अभ्यासक आणि त्या वस्तूंवर लेख लिहिणारे स्वयंसेवक यांची गाठ घालून देणे, हे त्याचे काम होते. हॉक्सन येथे सापडलेल्या रोमनकालीन नाण्यांच्या आणि दागिन्यांच्या ठेव्यावरचा लेख त्या काळात संग्रहालयाच्या अभ्यासकांनी आणि संपादकांनी एका टेबलाशी बसून वाढवला. त्याआधी, २००८ च्या डिसेंबरात, जर्मनीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने ऐंशी हजारांहून अधिक छायाचित्रे मुक्त परवान्याखाली, म्हणजे कोणालाही श्रेय देऊन वापरता येतील अशा रीतीने, विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियाच्या सामायिक चित्रसंग्रहावर दिली. तिथल्या स्वयंसेवकांनी छायाचित्रांतल्या व्यक्तींची नावे ग्रंथालयांच्या अधिकृत नामसूचीशी जुळवून दिली आणि चित्रांखालच्या ओळींमधल्या चुका शोधून अभिलेखागाराला कळवल्या. पुढे लोक छायाचित्रांखाली श्रेय न देता ती सर्रास वापरू लागले आणि ते दान थांबले. ही बाजूही सांगितली पाहिजे, कारण आपल्या संस्थांची भीती नेमकी हीच असते आणि ती निराधार नाही.

आपल्या जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. गोवा विद्यापीठाने आपला चार खंडांचा कोंकणी विश्वकोश २०१३ साली मुक्त परवान्याखाली खुला केला. ज्या भाषेत छापील साहित्याचा साठा मर्यादित, तिथे चार खंडांचा मजकूर कायदेशीरपणे मोकळा होणे किती मोलाचे आहे, हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मराठीत वाईच्या विश्वकोशाने विद्यापीठांच्या आणि संस्थांच्या सहकार्याने विषयवार ज्ञानमंडळे नेमून नोंदी अद्ययावत करण्याचा मार्ग धरला. तो तज्ज्ञांच्या सहीचा मार्ग आहे. विकिपीडियाचा मार्ग निनावी, पण ओळीओळीला संदर्भ मागणारा आहे. या दोहोंमध्ये मला स्पर्धा दिसत नाही. विश्वकोशातल्या नोंदीखाली लेखकाचे नाव असते, म्हणून ती विकिपीडियासाठी उत्तम संदर्भ ठरते.

आता आमच्या वाचनालयाकडे येतो. कपाट उघडायला एक वर्ष का लागले, तर दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली होती. पुस्तकाचा संदर्भ द्यायला कोणाची परवानगी लागत नाही. स्मरणिकेतली माहिती वाचून स्वतःच्या शब्दांत लिहिणे आणि खाली स्मरणिकेचे नाव, वर्ष, पृष्ठ नोंदवणे एवढेच त्यात असते. पुस्तक स्कॅन करून आंतरजालावर ठेवायचे असेल तर मात्र प्रताधिकार पाहावा लागतो. आपल्या १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षे हक्क राहतो. १९७३ ची स्मरणिका म्हणूनच कपाटातच राहणार, पण तिच्यातल्या माहितीला कोणी कुलूप लावलेले नाही. हे मी सांगू लागलो की ग्रंथपाल मान हलवत आणि म्हणत, “समदं खरंय सर, पण उद्या कमिटीनं इचारलं तर मी काय दाखवू?” त्यांचा प्रश्न रास्त होता. तुटपुंज्या मानधनावर वाचनालय सांभाळणारा माणूस, वर्षाकाठी दाखल नोंदवही तपासायला येणारे अधिकारी, आणि अनुदानाचा पुढचा हप्ता त्या तपासणीवर अवलंबून, अशा माणसाकडून तोंडी विश्वासावर जोखीम घेण्याची अपेक्षा करणे माझ्याकडून अन्यायाचे होते.

म्हणून मी कार्यकारिणीला अर्ज दिला. पहिल्या सभेत तो वाचला गेला नाही. दुसऱ्या सभेत एका सदस्यांनी विचारले की या मोबदल्यात आमच्या दिवंगत संस्थापक अध्यक्षांचे पान कराल का. मी स्पष्ट सांगितले की त्यांच्याविषयी स्वतंत्र ठिकाणी पुरेसे छापलेले असेल तर कोणीही स्वयंसेवक लिहील, पण देवाणघेवाण म्हणून लिहिलेले पान टिकणार नाही आणि संस्थेचेच नाव खराब होईल. सभेत थोडा वेळ कोणी बोलले नाही. हा नकार सुरुवातीलाच द्यावा असे माझे ठाम मत आहे. भिडेपोटी हो म्हणून उभारलेले सहकार्य पहिल्या मजकूर-वगळणीबरोबर मोडते. तिसऱ्या सभेत ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या सदराखाली ठराव मंजूर झाला. दर शनिवारी दुपारी दोन ते पाच, ग्रंथपालांच्या उपस्थितीत, तिसऱ्या कपाटातली पुस्तके जागेवर बसून पाहू द्यावीत. प्रताधिकार संपलेली पुस्तके स्कॅन करू द्यावीत. प्रत्येक ठिकाणी वाचनालयाचे नाव नोंदवावे. सात ओळींचा मजकूर आहे. ग्रंथपालांनी त्याची नक्कल खणात, किल्लीखालीच ठेवली आहे.

पहिले पुस्तक आम्ही निवडले ते १९३० च्या सुमाराचे. त्याचे लेखक १९४१ मध्ये वारले, म्हणजे त्यावरचा हक्क २००१ च्या अखेरीस संपला. पाने पिवळी आणि कडेला ठिसूळ झाली होती, म्हणून स्कॅनरवर उपडे न घालता वरून मोबाइलने एकेक पान टिपले. विकिस्रोत या जुनी पुस्तके उतरवून ठेवणाऱ्या, विकिपीडियाच्या भगिनी प्रकल्पावर चढवल्यावर अक्षरओळख करणाऱ्या यंत्रणेने ‘ख’ चा ‘रव’ केला, ‘घ’ आणि ‘ध’ यांची अदलाबदल केली. तिथे प्रत्येक पानाला रंग असतो. न तपासलेले पान लाल, एकाने तपासले की पिवळे, दुसऱ्या माणसाने पुन्हा ताडून पाहिले की हिरवे. आमच्याकडे येणाऱ्या दोन विद्यार्थिनींनी पहिल्या आठवड्यात मोठ्या उत्साहाने ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरांत’ यांवरचे सगळे अनुस्वार चुका समजून पुसून टाकले होते. हे अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी गेले, त्याआधीच्या छपाईत ते असणारच आणि मूळ पुस्तक उतरवताना ते जसेच्या तसे ठेवायचे असतात, हे सांगितल्यावर दोघींनी पुढच्या शनिवारी बसून एकेक टिंब परत दिले. त्यातली एक आता जुन्या मराठीची घडण इतकी ओळखते की यंत्राने गाळलेली ओळ पान न पाहताच तिच्या ध्यानात येते. साठ जणांच्या कार्यशाळेतून हे झाले नसते.

वाचनालयालाही यातून काही मिळाले. एक पुस्तक दाखल नोंदवहीत भलत्याच लेखकाच्या नावावर चढलेले होते, ते दुरुस्त झाले. दोन स्मरणिका एकाच बांधणीत शिवल्या गेल्यामुळे नोंदीतून हरवल्या होत्या, त्या सापडल्या. जर्मनीत झाले तेच लहान प्रमाणावर आमच्याकडे झाले, एवढेच.

याच रीतीने मराठवाड्यात आणखी कितीतरी होऊ शकते. पेरिप्लस या प्राचीन ग्रीक प्रवासवर्णनात तगर म्हणून उल्लेख आलेल्या तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या प्राचीन वस्तू आज तिथल्या शासकीय संग्रहालयात आहेत. एकेका मृण्मय मूर्तीचे नीट छायाचित्र, मापे आणि नोंद क्रमांक मुक्तपणे मिळाला, तर सातवाहनकाळावरच्या लेखांची कितीतरी भाषांतली पाने बदलतील. अंबाजोगाईला संतकवी दासोपंतांची पासोडी आहे. कापडावर लिहिलेल्या त्या ‘पंचीकरण’ या वेदान्तविषयक रचनेवर आज कोणाचाही प्रताधिकार नाही, पण कापड जतन करणाऱ्यांचा त्यावरचा ताबा आणि त्यामागची श्रद्धा या प्रताधिकाराहून वेगळ्या गोष्टी आहेत. कायदा आपल्या बाजूने आहे म्हणून कॅमेरा घेऊन दारात उभे राहणे मला मान्य नाही. प्रकाशाचा झोत किती, हात लावायचा की नाही, चित्र मोकळे केल्यावर कोणी ते दिनदर्शिकेवर छापून विकू शकेल की नाही, हे सगळे आधी सांगावे लागेल. कॉमन्सवर व्यापारी वापराला मनाई करणारा परवाना चालत नाही, तेव्हा या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो, विकू शकेल’ असेच आहे. ते ऐकून जतनकर्ते नाही म्हणाले, तर तो नकार मानाने घ्यावा.

आमच्या तिसऱ्या कपाटाच्या तळाच्या कप्प्यात मोडी कागदांचे दोन रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेले गठ्ठे, आहेत. ते कोणाचे, वाचनालयात कसे आले, हे दाखल नोंदवहीत नाही. मोडी वाचणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका दिवाळीच्या सुट्टीत मुलाकडे येणार आहेत आणि दोन शनिवार द्यायला त्या कबूल झाल्या आहेत. गेल्या शनिवारी मी पोहोचलो तेव्हा ग्रंथपालांनी रुमालांची जुनी, वाळवीने खाल्लेली फडकी काढून नवी पांढरी बांधली होती, वर चिठ्ठी लावून क्रमांक घातला होता, आणि किल्ली मला मागावी लागली नाही.