दुसरा साचा

नागपुरात धंतोलीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये मी कृत्रिम पाय बनवतो. १० मे २०२४, अक्षय तृतीया. बाहेर रणरणतं ऊन, आत कूलरची घरघर. टीव्हीवर मालदीवची बातमी चालू होती. अध्यक्ष मुइज्जूंनी दिलेल्या मुदतीत भारताचे उरलेले सैनिकही परतले होते, आणि आपण दिलेली हेलिकॉप्टरं नि विमान चालवायला त्यांच्या जागी मुलकी तंत्रज्ञ गेले होते.

माझ्यासमोर इंदोऱ्याचे काका बसले होते. महार रेजिमेंटचे निवृत्त हवालदार. १९८९च्या सुरुवातीला श्रीलंकेतल्या जाफन्यात सुरुंगावर त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. जुना सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती वाटी, सैल झाला होता, म्हणून नवा साचा घ्यायचा होता. मी ओली प्लास्टरची पट्टी गुंडाळली. पट्टी सेट होईपर्यंत पाय अजिबात आवळायचा नसतो.

बाजूच्या खुर्चीत एमपीएससीची तयारी करणारा मुलगा होता. मोटरसायकलच्या अपघातात पाय गेलेला, पहिलाच कृत्रिम पाय घ्यायला आलेला. तो म्हणाला, "बरोबरच आहे. ज्याचा देश त्याने जा म्हटलं, की जायचं. श्रीलंकेतही आपण उगाच रेंगाळलो."

काकांनी मान वळवली. "तू मला श्रीलंका सांगून राहिला?"

मुलाला इतिहास पाठ होता. २९ जुलै १९८७ला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी तिथलं तमिळ बंडखोरांशी चाललेलं युद्ध थांबवायचा करार केला, त्यावर आपलं सैन्य गेलं. तिथले पंतप्रधान असलेले प्रेमदासा तेव्हापासूनच त्याच्या विरोधात. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १ जून १९८९ला त्यांनी जाहीर सांगितलं, २९ जुलैपर्यंत निघा. "तरी आपण निघालो १९९०च्या मार्चमध्ये. याला काय म्हणायचं?"

"मी तेव्हा पुण्यात होतो, पाय बसवायला," काका म्हणाले. "वॉर्डात रेडिओवर ही बातमी आली आणि आमच्यातच जुंपली. निम्मे म्हणाले, नको तिथे कशाला मरायचं. निम्मे म्हणाले, तमिळांना अधिकार मिळाल्याशिवाय निघालो तर गेलो कशाला होतो? राजीव गांधीही तेच म्हणत होते."

"पण सार्वभौमत्व, काका!"

"अन् ज्या पोरांनी आमच्या भरवशावर एलटीटीईच्या तमिळ बंडखोरांशी वैर घेतलं ती?" काकांचा आवाज चढला. "आमच्या प्लाटूनसोबत एक दुभाष्या होता. एकोणीस वर्षांचा. आपली फौज जहाजात बसली, तो कुठे बसणार होता?"

माझ्या हाताखाली स्नायू दगडासारखा झाला. साचा बिघडला. असा साचा हाडावर दाबतो, जखम करतो. मी कात्रीने कापून काढला.

मुलगा गप्प झाला होता. मला त्याचं म्हणणं पटत होतं, आजही पटतं. यजमानाने नको म्हटल्यावर दुसऱ्याच्या देशात फौज ठेवणं हा हक्क नव्हे. पण दिल्ली नि कोलंबोच्या त्या सगळ्या पत्रव्यवहारात त्या पोराचं नाव कुठे असणार? माघारीची तारीख ठरते, मागे राहणाऱ्यांची सोय ठरत नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो. आपले सुमारे बाराशे जवान तिथे मारले गेले. ८ महारचे मेजर परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ला पडले, त्यांना परमवीर चक्र मिळालं. तरीही शेवटची तुकडी २४ मार्च १९९०ला श्रीलंकेतून निघून मद्रासला उतरली, तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. तमिळांवर गोळ्या झाडणाऱ्या फौजेचं स्वागत कसं करणार, ही त्यांची भूमिका. सिंहलींना आपण घुसखोर, तमिळांना मारेकरी. काकांचा पाय या दोन्हींच्या मधे गेला.

मी नवी पट्टी भिजवली. मुलगा कुबडीवर उठला, काकांच्या शेजारी येऊन बसला.

"त्या दुभाष्याचं पुढे काय झालं?"

"दोन पत्रं टाकली होती," काका म्हणाले. "नव्वदच्या पावसाळ्यात एक, दिवाळीत एक."

पाय सैल पडला होता. मी पट्टी गुंडाळायला घेतली.