टाचण्यांची भोकं

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे असा बॅचच्या ग्रुपवर निरोप आला तेव्हा बाकीच्यांनी स्नेहसंमेलन, सहल, क्रीडांगणावरचं वडाचं झाड असले विषय आधीच वाटून घेतले होते, मला मात्र पहिल्यापासून एकच गोष्ट लिहायची होती आणि ती म्हणजे दहावीचं विज्ञानाचं जर्नल. आमची १९९८ ची बॅच.

प्रयोग होता काचेच्या चिपेतून प्रकाशाचं अपवर्तन. ज्यांनी केलाय त्यांना आठवत असेल, पांढऱ्या कागदावर चीप ठेवायची, पेन्सिलीने कड आखायची, एका बाजूला दोन टाचण्या उभ्या टोचायच्या आणि दुसऱ्या बाजूने एक डोळा मिटून बघत त्यांच्या ओळीत अजून दोन टाचण्या टोचायच्या, मग टाचण्या काढून भोकांमधून रेघ मारायची आणि कोन मोजायचे. आपाती कोन (प्रकाश चिपेत शिरतानाचा) आणि निर्गत कोन (बाहेर पडतानाचा) सारखे यायला पाहिजेत हे पुस्तकात आधीच लिहिलेलं असतं. माझा एक आला ४० आणि दुसरा ४३. तास संपत आला होता, मी सरळ ४० अंशाची रेघ मारली, तक्त्यात ४० लिहिलं आणि वही टेबलावर ठेवली. वर्गात जवळपास सगळ्यांचेच कोन सारखे आले होते.

सरांनी दुसऱ्या दिवशी माझी वही उघडून कागद खिडकीकडे धरला. रेघ एकीकडे आणि भोकं दुसरीकडे, उजेड भोकांतून येत होता आणि माझी रेघ त्यांच्या शेजारून गेली होती. सर ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, "टाचण्या कुठं टोचल्या होत्यास? मग तिथलं लिही." पुन्हा प्रयोग करायला लावला. तेव्हा आले ४० आणि ४२, तेच लिहिलं, खाली फरक का आला असेल तेही लिहिलं, की टाचणी जराशी तिरकी होती, रेघ जाड होती, चीप हलली असेल. त्यावर सरांनी लाल पेनाने सही केली आणि "बरोबर" असं लिहिलं. उत्तर पुस्तकाशी जुळत नव्हतं तरी बरोबर, हे मला त्या वयात खूप मोठं वाटलं होतं आणि आजही वाटतं.

पण आता जे सांगायचंय ते सोपं नाहीये. बारावीनंतर घरची परिस्थिती नव्हती म्हणून मी जवळच्या एका गावात दूध संस्थेत टेस्टर म्हणून लागलो. तेव्हा तिथं दुधातली फॅट मोजायला गर्बर पद्धतच होती, म्हणजे ब्युटायरोमीटर नावाच्या आकडे आखलेल्या काचेच्या नळीत आधी १० मिली सल्फ्युरिक ॲसिड, त्यावर १०.७५ मिली दूध, मग १ मिली अमाइल अल्कोहोल, बूच लावून हलवायचं (नळी हातात चांगलीच तापते), सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं आणि वर तरंगणाऱ्या फॅटचा आकडा वाचायचा. गाईच्या दुधाला ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून दर ठरतो, त्याच्या खाली एकेक पॉइंट, म्हणजे ०.१, गेला की पैसे कापले जातात आणि वर गेला तर वाढतात. दहा दिवसांनी शेतकऱ्यांचा दुधाचा पगार होतो आणि त्यावर किराणा, पोरांची फी सगळं अवलंबून असतं.

संस्थेतल्या एका जबाबदार माणसाने मला बाजूला घेऊन सांगितलं की घट वाढलीये, वर केंद्रावर आपले पण पॉइंट कापतात, तेव्हा सगळ्यांचे दोन पॉइंट कमी लिहीत जा, कुणाला कळत नाही. आणि खरंच कळत नाही. नळी धुतली, ॲसिड ओतून दिलं की मागे काहीच राहत नाही. कागदावर भोकं तरी राहिली होती, इथं फक्त मला माहीत असतं की ३.८ होतं आणि मी ३.६ लिहिलंय. मी लिहिलं. बारा दिवस लिहिलं. नोकरी जाईल ही भीती होती, सगळे असंच करतात हेही मनाशी म्हणत होतो.

त्या गावात एक आक्का होत्या, एकच जर्सी गाय, सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन स्वतः यायच्या. तेराव्या दिवशी त्यांनी पावती माझ्यापुढे धरली आणि भांडण नाही, तक्रार नाही, काळजीनेच विचारलं, "बाळा, माझ्या गाईला काय कमी पडतंय का रं? फॅट उतरलीया. मी सरकी पेंडीचं पोतं उधारीवर आणलंय, चार-आठ दिवसात चढंल का?"

मी काय बोललो आठवत नाही. एवढंच डोक्यात होतं की माझ्या आकड्यावर विश्वास ठेवून या बाईने उधारी केली. गाईत काहीच उणं नव्हतं, उणं माझ्या लिहिण्यात होतं.

त्या रात्री त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "मग दुकानदार पोतं माघारी घेईल का?" दोन पॉइंटच्या हिशेबाने बारा दिवसांचे जेवढे निघाले तेवढे मी पहिल्या पगारातून त्यांना दिले. त्यांनी घेतले, आणि घेतले हे बरं झालं. दुसऱ्या दिवसापासून जेवढं दिसेल तेवढंच लिहायला लागलो आणि तसं त्या माणसाला तोंडावर सांगितलं. महिन्याभरात मला उद्यापासून येऊ नकोस म्हणून निरोप आला.

पण बाकीच्या लोकांच्या घरी मी गेलो नाही. त्यांचेही बारा दिवसांचे दोन-दोन पॉइंट गेले होते. तेवढी हिंमत तेव्हा झाली नाही, नंतर गाव सुटलं, मग आरेला दुग्धविज्ञानाचा डिप्लोमा केला आणि आज वीसेक वर्षं दुधाच्या लॅबमध्येच आहे. ते राहिलेलं काम अजून माझ्या अंगावर आहे असंच मी धरतो.

आता बहुतेक ठिकाणी मशीन आलंय, फॅट स्क्रीनवर दिसते, पावती आपोआप छापून येते, पण मशीनचं कॅलिब्रेशन, म्हणजे ते बरोबर आकडा दाखवेल अशी जुळणी, माणूसच करतो आणि सॅम्पल माणूसच काढतो. किटलीतलं दूध नीट ढवळलं नाही तर साय वर राहते आणि खालून घेतलेलं सॅम्पल पातळ निघतं, यात मशीनचा काय दोष. माझ्याकडे नवीन पोरं येतात तेव्हा त्यांना पहिल्या आठवड्यात मी गर्बरच करायला लावतो, आणि शंका असेल तर शेतकऱ्याला समोर उभं करून त्याच्याच डोळ्याने आकडा वाचायला लावायचा हा आमच्या लॅबचा नियम आहे. यात वेळ जातो, वरून विचारणा पण होते. जाऊ दे वेळ.

सरांना ही दूध संस्थेची गोष्ट मी कधीच सांगितलेली नाही, या स्मरणिकेतच ते पहिल्यांदा वाचतील. माझं जर्नल आईने माळ्यावर जपून ठेवलं होतं, ते महोत्सवाच्या प्रदर्शनासाठी शाळेत आणून दिलंय. अपवर्तनाच्या प्रयोगाचे दोन कागद त्यात एकामागे एक चिकटवलेले आहेत, पहिला रद्द केलेला आणि दुसरा लाल सहीचा. पहिला जरा उजेडात धरून बघा, भोकं अजून दिसतात.