रात्री दोनचा ताप आणि बाळाचं लिव्हर

लेकीला चार महिन्यांची लस दिली आणि त्याच रात्री दोन वाजता तिचं अंग तापलं, थर्मामीटरवर ३८.४ सेल्सिअस, आणि परदेशात आम्ही दोघंच, हाक मारली की उठून येईल असं घरात कुणी नाही. लसीनंतर ताप येतो हे माहीत होतं, तरी एवढ्याशा जिवाला पॅरासिटामॉल पाजायचं म्हटलं की हात थरथरतोच.

हेल्पलाइनला फोन केला तर नर्सने आधी वजन विचारलं. मी म्हटलं सहा किलो. ती म्हणाली, किलोमागे १० ते १५ मिलीग्रॅम म्हणजे ६० ते ९०, आता बाटलीवर काय लिहिलंय ते वाचून दाखव. मी वाचायला लागले आणि गप्पच झाले. घरात दोन बाटल्या होत्या, येताना बरोबर आणलेले ड्रॉप्स, १ मिलीलीटरमध्ये १०० मिलीग्रॅमचे, आणि इथलं सिरप, ५ मिलीलीटरमध्ये १२० मिलीग्रॅमचं. डोक्यात सिरपचा हिशोब, अडीच मिलीलीटर, आणि सिरिंज मात्र ड्रॉप्सच्या बाटलीत बुडवलेली. तेवढं पाजलं असतं तर ६० च्या जागी २५० मिलीग्रॅम पोटात गेलं असतं. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

त्यानंतर मी हे औषध बाळाच्या शरीरात जाऊन नेमकं काय करतं ते नीट वाचून काढलं. आपल्या लिव्हरमध्ये पॅरासिटामॉल बाहेर काढायच्या दोन मोठ्या वाटा असतात, त्याला एकतर ग्लुकुरोनिक आम्ल जोडायचं नाहीतर सल्फेट, मग ते पाण्यात विरघळतं आणि लघवीतून निघून जातं. मोठ्या माणसात पहिली वाट जास्त चालते. नवजात बाळात ती जेमतेम उघडलेली असते, म्हणून बहुतेक भार सल्फेटच्या वाटेवर पडतो. (जन्मल्यावर बरीच बाळं पिवळी पडतात ना, त्यातही हाच प्रकार, बिलिरुबिनला ग्लुकुरोनिक आम्ल जोडणारं एन्झाइम अजून तयार नसतं.) त्यामुळे नवजात बाळात औषध जास्त वेळ रेंगाळतं, आणि दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळात तर आणखी. पहिल्या वर्षभरात वेग बराच वाढतो, पण या दोन वाटांचं मोठ्या माणसासारखं प्रमाण जमायला पुढे कितीतरी वर्षं जातात.

तिसरी एक बारीक वाट आहे आणि खरी भीती तिचीच. थोडंसं औषध तिकडून जातं आणि त्याचा एक विषारी पदार्थ बनतो, लिव्हरमधलं ग्लुटाथायोन त्याला लगेच निकामी करतं. तान्ह्या बाळात हा पदार्थ बनवणारं एन्झाइमही सुरुवातीला कमीच असतं, हे वाचून मला खूप बरं वाटलं. पण दोन-तीन दिवस डोस जास्त होत राहिला आणि बाळ नीट पीत नसेल, उलट्या होत असतील, तर ग्लुटाथायोनचा साठा आटतो आणि मग लिव्हरला इजा होते. म्हणजे एकाच वेळी जास्त गेलं तरच धोका असं नाही, थोडं थोडं जास्त जात राहिलं तरी आहेच.

सकाळी आईला फोन केला तर ती म्हणाली अगं अजून अंग कोमट लागतंय ना, दे की परत. तिचा जीव तुटत होता, मला कळतं, पण मी नाही दिलं. दोन डोसमध्ये ४ ते ६ तास, आणि नर्सने बजावलं होतं की दिवसभरात चारच्या वर नाही. लेक दूध पीत होती, हसत होती. ताप शून्यावर आणायचा नसतो, बाळाला बरं वाटलं की झालं, हे आईला समजावताना माझं मलाच नीट समजलं.

तिकडे ज्यांच्या घरी तान्हं बाळ आहे त्यांना कळकळीने सांगते, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ किंवा जास्त ताप आला तर घरी औषध देत बसू नका, सरळ डॉक्टरकडे न्या, कारण इतक्या लहान वयात गंभीर इन्फेक्शन असलं तरी दुसरं काहीच लक्षण दिसत नाही कधीकधी. आयबुप्रोफेन मनाने देऊ नका, अॅस्पिरिन तर अजिबात नाही, त्याने लहान मुलांना राय सिंड्रोम होऊ शकतो, मेंदू आणि लिव्हर दोन्हीवर जातं ते. आणि काही देशांत पॅरासिटामॉलच्याच बाटलीवर असिटामिनोफेन लिहिलेलं असतं, नावं दोन म्हणून औषधं दोन समजू नका.

ड्रॉप्सची बाटली मी आता वरच्या कपाटात वेगळी ठेवलीय, आणि फ्रिजवर कागद लावलाय, डोस दिला की नवरा आणि मी आधी वेळ लिहितो, मग सिरिंज धुतो.