४७ नंबरच्या घरामागे गेलेले तीन महिने

मी आयल ऑफ मॅनला, म्हणजे इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या बेटावर राहते, सासर इथलंच. सासूबाईंचा पंचाहत्तरावा आला तेव्हा नवरा म्हणाला, आईच्या खापरपणजोबांचा डग्लसच्या, म्हणजे इथल्या राजधानीच्या बंदराजवळ पब होता म्हणतात, नेमका कुठे ते शोधून देऊया. मी म्हटलं त्यात काय, आठवड्यात देते. बोलले आणि फसले.

घराण्याची शेतीवाडी कुठे होती हे एका दुपारीत सुटलं. बेटावर १७ पॅरिश (चर्चवरून पडलेले विभाग), पॅरिशचे ट्रीन, ट्रीनचे क्वार्टरलँड, असे जमिनीचे जुने लहान लहान भाग, आणि शेतांची नावं बरीचशी 'बाला'ने सुरू होणारी. बाला म्हणजे आपली वाडी समजा, पुढे बऱ्याचदा आडनाव. फक्त एकच नाव दोन-तीन पॅरिशमध्ये सापडतं, त्यामुळे आधी पॅरिश पक्कं करा.

अडलं ते पबपाशी. १८५१च्या जनगणनेत माणूस मिळाला, धंदा मिळाला, गल्ली मिळाली, आणि डाव्या कडेला आकडा ४७. झालं, मी ४७ नंबरचं घर शोधायला लागले. जुने नकाशे, डिरेक्टऱ्या, सगळं पालथं घातलं, तर गल्लीत मोजून वीसेक घरं! मग वाटलं नंबर बदलले असतील, म्हणून एका ऑफिसला मेल टाकला, फी भरली आणि वाट बघत बसले. एक आठवडा, दोन, फोन केला की "तुमचा अर्ज रांगेत आहे". सात आठवड्यांनी उत्तर आलं, एका ओळीचं: त्या गल्लीत ४७ नंबरचं घर नाही. अहो, ते मलाही माहीत होतं!

शेवटी मॅन्क्स (म्हणजे आयल ऑफ मॅनचं) म्युझियमच्या रीडिंग रूममध्ये शेजारच्या टेबलावरच्या आजोबांना पान दाखवलं तर ते हसायलाच लागले. तो घराचा नंबर नव्हेच, तो शेड्यूलचा नंबर, म्हणजे जनगणनेवाल्याने वाटलेल्या फॉर्मचा अनुक्रमांक. घराचा पत्ता त्याच्या पुढच्या रकान्यात, आणि तिथे नुसतं गल्लीचं नाव. तीन महिने!

मग त्यांनीच शिकवलं. जनगणनेच्या वहीच्या सुरुवातीला जनगणनेवाला कुठून कुठे फिरला ते लिहिलेलं असतं, त्या वाटेने एकेक घर मोजत जायचं आणि १८६०च्या दशकातल्या ऑर्डनन्स सर्व्हेच्या (ब्रिटिश सरकारी नकाशा खात्याच्या) नकाशावर पेन्सिलीने टिंब देत जायचं. माझी टिंबं कोपऱ्यावरच्या घरापाशी येऊन थांबली. जुन्या पेपरातली "भाड्याने देणे आहे" ही जाहिरात त्याला जुळली, तिच्यात शेजारी कोण हेसुद्धा होतं. मॅन्क्स पेपर १७९२पासूनचे ऑनलाइन आहेत, आधी तिथेच बघा, मी सगळ्यात शेवटी बघितले.

अजून एक राहिलंच. इथल्या मृत्युपत्रांत आणि चर्चच्या नोंदींत बायकांचं माहेरचं आडनाव बऱ्याचदा टिकलेलं असतं, 'एलियास' म्हणजे 'उर्फ' असं लावून. पब विधवेकडे गेला असेल तर दोन्ही आडनावांनी शोधा.

जागा? १८७०च्या दशकात व्हिक्टोरिया स्ट्रीट काढताना ती गल्लीच रस्त्यात गेली. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे मी इतकी वर्षं त्याच्यावरूनच चालतेय?" आणि त्या ऑफिसची फी परत मिळत नाही, विचारून झालंय.