अभ्यासवर्गाला भाषण नको, फाईल हवी

मालमत्तेची कामं करणाऱ्या वकिलांची संघटना बहुतेक ठिकाणी वर्षातून तीनदा जागी होते: निवडणुकीला, वार्षिक व्याख्यानाला आणि स्नेहभोजनाला. मधले महिने व्हॉट्सअ‍ॅप गटावर परिपत्रकं आणि सुप्रभात. मग कार्यकारिणीची तक्रार सुरू होते की सभासद येत नाहीत. येतील कशाला? व्याख्यानात नोंदणी कायद्याची कलमं ऐकायला मिळतात आणि वकील अडलेला असतो तो पन्नास वर्षांपूर्वीच्या एका फेरफारावर, म्हणजे सातबारावरच्या हक्कबदलाच्या नोंदीवर.

म्हणून महिन्यातून एक अभ्यासवर्ग आणि एका वर्गाला एकच फाईल. माणसं बारा ते पंधरा. त्याहून जास्त झाली की मागच्या रांगा नुसत्या श्रोत्यांच्या होतात. वेळ दीड तास. कागद चार दिवस आधी पाठवायचे: तीस वर्षांचे सातबारा, त्यांवर आलेल्या प्रत्येक फेरफाराची प्रत, आठ-अ (खातेदाराच्या जमिनींचा उतारा), सूची क्रमांक दोन (नोंदलेल्या दस्तांची सूची), आधीची खरेदीखतं आणि गावात जमिनींचे तुकडे जोडून नवे गट पाडणारी एकत्रीकरण योजना झाली असेल तर जुना सर्व्हे नंबर कोणत्या गटात गेला तो उतारा. हा शेवटचा कागद फाईलमध्ये हटकून नसतो, आणि सर्च, म्हणजे जुन्या दस्तांचा शोध, तिथेच तुटतो. नव्या गट नंबरावर कितीही शोधा, जुन्या सर्व्हे नंबरावर नोंदलेलं गहाणखत सापडत नाही.

येताना प्रत्येकाने अर्धं पान लिहून आणायचं: शंका कोणत्या आणि त्यासाठी कोणता कागद मागवणार. नुसतं 'टायटल क्लिअर' (मालकी निर्वेध) लिहिलेलं पान परत करायचं. बोलण्याचा क्रम वकिलीच्या सनदेच्या ज्येष्ठतेच्या उलटा ठेवायचा, सगळ्यांत नवी सनद आधी. ज्येष्ठ आधी बोलले की ज्युनियर आपल्या पानाची घडी घालून खिशात टाकतात, आणि नेमकी त्या पानावरची शंका चर्चेत येत नाही.

चांगली फाईल कोणती? वारस नोंदीची. वडील १९८० च्या दशकात वारले, मुलांची नावं कब्जेदार सदरी (सातबारावर मालकाच्या रकान्यात) आणि बहिणींची इतर हक्कांत, किंवा थोरल्या भावाचं नाव 'ए.कु.मॅ.' (एकत्र कुटुंब मॅनेजर) म्हणून. अर्धे जण म्हणतात की इतर हक्कात आहेत म्हणजे बहिणींना हिस्सा नाही. बाकीचे अर्धे लगेच वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क देणारी २००५ ची दुरुस्ती काढतात. आधी विचारायला हवं की मिळकत स्वकष्टार्जित की वडिलोपार्जित. स्वकष्टार्जित असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ८ खाली मुलगी १९५६ पासूनच पहिल्या वर्गातली वारस आहे, २००५ ची गरजच नाही. वडिलोपार्जित असेल तर ९ सप्टेंबर २००५ ही दुरुस्ती लागू झाल्याची तारीख, २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेलं आणि म्हणून दुरुस्तीतून सुटलेलं वाटप आणि दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असणं गरजेचं नाही हे सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा ११ ऑगस्ट २०२० चा विनीता शर्मा निकाल, असं क्रमाने पाहायचं. फेरफार ही महसुली नोंद, तिने मालकी जातही नाही आणि येतही नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. सर्च रिपोर्ट लिहिताना मात्र पुष्कळांचा हात फेरफारावरच थांबतो.

फाईल खऱ्या पक्षकाराची असली तर संमती घ्यायची आणि शिवाय ओळख पुसायची. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ ने पक्षकाराच्या गोष्टी उघड करायला बंदी आहे, ती अभ्यासवर्गाच्या दारात संपत नाही. नावं काळी करून भागत नाही, कारण सातबारा सार्वजनिक आहे आणि गाव व गट नंबर मिळाला की मालक मिनिटभरात कळतो. गाव, गट, दस्त क्रमांक, चतुःसीमा, सगळं बदलावं लागतं. ते नुसतं खोडायचं नाही, बदलायचं; गट २१४ चा गट ९० केला तर प्रत्येक कागदावर तो ९० च हवा, नाहीतर एका फेरफाराचा दुसऱ्याशी धागाच जुळत नाही.

परिपत्रकांचं काम चार जोड्यांत वाटून द्यावं: नोंदणी व मुद्रांक, महसूल, महारेरा (गृहप्रकल्पांचं नियामक प्राधिकरण), नगररचना. पीडीएफ पुढे ढकलणं हे काम नव्हे. जोडीने चार ओळी लिहायच्या: क्रमांक आणि तारीख, लागू कधीपासून, आधी सही झालेल्या दस्तांना लागू का, आणि आपल्या मसुद्यातलं कोणतं वाक्य बदलतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभर रुपयांच्या मुद्रांकाच्या जागी पाचशे आले, तेव्हा बातमी सगळ्यांनी वाचली. जुने नमुने मात्र संगणकात तसेच राहिले. संघटनेच्या साठ्यातला जुना नमुना काढून टाकण्याची जबाबदारीही त्याच जोडीची. महारेराने २०२१ मध्ये टायटल रिपोर्टचा नमुना ठरवून दिला, त्याचंही तेच. नमुना भरणं सोपं असतं, म्हणून त्यात लिहिलेलं वाचायचं राहून जातं.

दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधक कार्यालयातला त्रास हा प्रत्येक सभेतला आवडता विषय. 'सर्व्हर चालत नाही' अशा निवेदनाला उत्तरही तसंच गुळगुळीत मिळतं. त्याऐवजी सभासदांनी महिनाभर नोंद ठेवावी: कार्यालय, दस्ताचा प्रकार, टोकनची वेळ, प्रत्यक्ष वेळ, अडचण काय. निष्पादनापासून, म्हणजे सही झाल्यापासून, चार महिन्यांत दस्त दाखल करायचा, हे नोंदणी कायद्याचं कलम २३. उशीर झाला तर कलम २५ खाली पुढचे चार महिने, पण दंड नोंदणी शुल्काच्या दहापटीपर्यंत. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात किती दस्त अडकले, हा आकडा निवेदनात असला तर ते वजनदार होतं.

त्याहून वाईट म्हणजे तोंडी नकार. 'हा दस्त होणार नाही' असं खिडकीवर ऐकून वकील परततो आणि पक्षकाराला पुढच्या आठवड्याची तारीख देतो. कलम ७१ प्रमाणे नकाराची कारणं नोंदवून आदेश व्हायला हवा आणि मागितल्यावर त्याची प्रत विनामूल्य मिळते. त्या आदेशाविरुद्ध कलम ७२ खाली ३० दिवसांत निबंधकाकडे अपील. आदेशच नसेल तर अपील कशावर? संघटनेने लेखी आदेश मागणाऱ्या अर्जाचा एक पानी नमुना प्रत्येक सभासदाच्या फाईलला लावून दिला, तर ते चार व्याख्यानांपेक्षा उपयोगी पडेल.

सभासदाला गुंतवायचं तर काम छोटं, नावानिशी आणि तारखेसह द्यावं. 'सगळ्यांनी सहकार्य करा' म्हटलं की कुणीच करत नाही. 'तिसऱ्या शनिवारपर्यंत अमुक फेरफाराची नक्कल' हे होतं. मोडी वाचणारा सभासद असेल तर त्याला जपावं. जुन्या दस्तांचे आणि नोंदवह्यांचे कागद मोडीत निघतात, आणि बाहेरून करून घेतलेल्या लिप्यंतरात आणेवारीचा, म्हणजे आण्यांत लिहिलेल्या हिश्श्याचा, आकडा चुकला की हिस्सेच बदलतात. ज्युनियरांना अभिलेख कक्षात नेताना त्यालाच पुढे करावं.

पैशाचा विषय नाजूक. बिल्डरच्या किंवा बँकेच्या पैशावर टायटलवरचा कार्यक्रम घेऊ नये. उद्या त्याच प्रकल्पाच्या शंका काढायच्या असतात. सभासदांची यादी छापताना वकिलांच्या जाहिरातीवरचा बार कौन्सिलचा नियम ३६ समोर ठेवावा: नाव, पत्ता, सनद, पात्रता, कामाचं क्षेत्र एवढंच, 'नामांकित' वगैरे विशेषणं नकोत. शुल्काचा किमान दर ठराव करून जाहीर करण्याचा मोहही टाळावा, तो एकत्र येऊन दर ठरवायला मनाई करणाऱ्या स्पर्धा कायद्याच्या कलम ३ शी थेट भिडतो.

आणि एक गंमत. दुसऱ्यांच्या ट्रस्टच्या मिळकतींचे कागद काटेकोर तपासणाऱ्या वकिलांच्या, स्वतःही ट्रस्ट म्हणून नोंदलेल्या संघटनेत स्वतःचा चेंज रिपोर्ट, म्हणजे कार्यकारिणी बदलल्याची धर्मादाय कार्यालयाला द्यायची माहिती, राहिलेला असतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली बदलाची माहिती ९० दिवसांत द्यायची असते. दोन निवडणुका अशा गेल्या की अभिलेखावर जुनीच कार्यकारिणी राहते. मग बँक खात्यावरची सही बदलताना बँक अडवते आणि विलंब माफीचा अर्ज करावा लागतो. निवडणुकीच्या संध्याकाळीच, निवडून आलेले सगळे समोर असताना, संमतीपत्रांवर सह्या घेऊन टाकाव्यात. आठवड्याने ते एकत्र सापडत नाहीत.